लानाईची शाळा : संस्कृतीची एक तासिका पुरते का?

हवाई बेटांमधलं लानाई हे लहानसं बेट. क्षेत्रफळ साधारण 364 चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या थोडी वर. बालवर्गापासून बारावीपर्यंत सरकारी शाळा एकच. 2014 साली या बेटावरच्या एका आईनं हवाई राज्याच्या शिक्षण खात्यावर दावा लावला. आपल्या मुलींना हवाई भाषेच्या माध्यमातून शिकता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. समोर दिसणाऱ्या माउई बेटावर सरकारी शाळेत तशी सोय होती, लानाईवर नव्हती. सरकारच्या बाजूनं युक्तिवाद असा झाला की, राज्यघटनेनं हवाई संस्कृती, इतिहास आणि भाषा यांचं शिक्षण द्यायला सांगितलंय, पूर्ण माध्यम बदलायला सांगितलेलं नाही. संस्कृतीचा परिचय अभ्यासक्रमात ठेवला की आपलं कर्तव्य पार पडलं, असा त्याचा अर्थ. पाच वर्षांनी, ऑगस्ट 2019 मध्ये, हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं मान्य केलं नाही.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते कायद्यापेक्षा शाळेसाठी. शाळेत जाऊन संस्कृती सांगणं हे काम जगभर चालतं. कुणी गाणी शिकवतं, कुणी चित्रं, कुणी जुन्या गोष्टी. मुलं खूश होतात, शिक्षक आभार मानतात, फोटो निघतात. पण अशा भेटींनी नेमकं काय टिकतं आणि काय टिकत नाही, याचा हिशेब फार कमी ठिकाणी मांडला जातो. हवाईमध्ये तो मांडला गेला, आणि मांडणाऱ्यांमध्ये स्वतः शाळेत जाणारे ज्येष्ठही होते.

मुळाशी आहे 1978 सालची घटना परिषद. त्या वर्षी हवाईनं आपल्या राज्यघटनेत मोठे बदल केले. इंग्रजीच्या जोडीनं हवाई भाषा राज्यभाषा झाली. दहाव्या प्रकरणात चौथं कलम आलं. त्यानुसार राज्यानं हवाई संस्कृती, इतिहास आणि भाषेच्या अभ्यासाला चालना द्यायची, सरकारी शाळांमध्ये त्याचा शिक्षणक्रम चालवायचा, आणि त्या कामात समाजातल्या जाणकारांची मदत घ्यायची. ही मदत योग्यच नव्हे तर आवश्यक आहे, असं कलमात स्पष्ट लिहिलंय. पदवी नसलेल्या पण जाण असलेल्या माणसाला शाळेत यायचा रस्ता घटनेनंच मोकळा करून दिला. असं कलम मी तरी दुसऱ्या कुठल्या राज्यघटनेत वाचलेलं नाही.

या वाक्यातून ज्येष्ठांच्या शाळाभेटींची योजना उभी राहिली. हवाईत आजी-आजोबांना आणि त्यांच्या पिढीच्या माणसांना कूपुना म्हणतात. 1980च्या सुमारास हे कूपुना प्राथमिक शाळांमध्ये जाऊ लागले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तासिका तत्त्वावर. आठवड्याला प्रत्येक वर्गाच्या वाट्याला थोडा वेळ. कुणी उकुलेले वाजवून गाणं शिकवायचं, कुणी फुलांची लेई म्हणजे माळ गुंफायला, कुणी हुला या नाचाच्या पहिल्या चार पावलांची ओळख करून द्यायचं. त्यातल्या पुष्कळांना लहानपणी शाळेत हवाई बोलल्याबद्दल शिक्षा झालेली होती. ज्या इमारतीत जीभ आवरायला शिकवलं, त्याच इमारतीत साठी-सत्तरीत त्यांना मानानं बोलावलं गेलं. हा बदल छोटा नव्हता, आणि पुढची टीका वाचताना तो विसरायचा नाही.

अशा तासात काय घडतं, ते एका उदाहरणानं नीट कळेल. हवाईत अळूला कालो म्हणतात, आणि त्याच्या कंदापासून पोई करतात. कंद आधी पूर्ण शिजवून घ्यायचा, कारण कच्चा अळू घशाला खाजतो. हे कोकणात कुणाला सांगायला नको, आपण त्यासाठीच भाजीत चिंच किंवा आमसूल घालतो. मग साल खरवडून काढायची. लाकडाची जाड, किंचित खोलगट पाटी जमिनीवर ठेवायची, दोघांनी समोरासमोर बसायचं, आणि दगडी बत्त्यानं कंद कुटायचा. बत्ता चिकटू नये म्हणून बोटं पाण्यात बुडवून त्याच्या बुडाला आणि पाटीच्या कडेला फिरवायची. पाणी जास्त झालं तर गोळा सैल पडतो, कमी झालं तर पाटीला धरतो. ते प्रमाण सांगून येत नाही, हाताला कळावं लागतं. घट्ट गोळा म्हणजे पाइ-आइ, आणि त्यात पाणी मिसळून सैल केली की पोई.

हे सगळं करताना आजी गोष्ट सांगते. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्याला पुरलं तिथून अळूचं रोप उगवलं. दुसरं मूल जगलं, त्याला थोरल्याचंच नाव मिळालं, हालोआ, आणि त्याच्यापासून हवाईची माणसं झाली. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची, थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं. पोईचं भांडं पानात उघडं असताना घरात भांडायचं नाही, कारण थोरला भाऊ समोर बसलेला असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट हातात कुटलेला अळू घेऊन ऐकायला मिळाली, तर ती त्याच्याजवळ राहते. पाठ्यपुस्तकातला धडा ते काम करू शकत नाही. शाळाभेटीची खरी ताकद इथे दिसते, आणि ती मी कमी लेखणार नाही.

मग अडलं कुठे? आजी ती गोष्ट इंग्रजीत सांगत होती. सांगावीच लागत होती, कारण समोरच्या मुलांना हवाई येत नव्हतं. मुलांच्या पदरी काही शब्द पडत होते: रंगांची नावं, एक ते दहा आकडे, नमस्कार-चमत्कार, दोन-तीन गाणी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच उजळायचं. वर्षं गेली तरी मुलं एक सबंध वाक्य स्वतःच्या मनानं बोलत नव्हती. हा आजीचा दोष नव्हता, वेळच तेवढा होता. आठवड्यातल्या थोड्याशा वेळात भाषेचा परिचय होतो, भाषा येत नाही.

आणि वेळ हातातून निसटत होता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई ही जन्मभाषा असलेली माणसं साधारण दोन हजार उरली होती, तीही बहुतेक वृद्ध. अठरा वर्षांखालची, अस्खलित बोलणारी मुलं पन्नासही नसावीत, असा भाषेसाठी काम करणाऱ्यांचा अंदाज होता. त्यातली बरीचशी नीइहाऊ या एका बेटाशी जोडलेली. हे बेट 1864 मध्ये सिंक्लेअर कुटुंबानं राजाकडून विकत घेतलं आणि आजही त्यांच्या वंशजांच्या, रॉबिन्सन कुटुंबाच्या खासगी मालकीचं आहे. बाहेरच्यांना तिथे मुक्त प्रवेश नाही. त्या एकांतामुळे तिथल्या घरांतून हवाई बोलणं कधी थांबलंच नाही.

त्याच्या शंभर वर्षं आधी चित्र अगदी उलटं होतं. माउईच्या लाहाइनालुना शाळेत 14 फेब्रुवारी 1834 रोजी ‘का लामा हवाई’ हे हवाई भाषेतलं पहिलं वृत्तपत्र छापलं गेलं. तिथून 1948 पर्यंत शंभराहून अधिक हवाई वृत्तपत्रं निघाली आणि त्यांची सव्वा लाखावर पानं मागे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हवाईचं राज्य जगातल्या अत्यंत साक्षर समाजांमध्ये मोजलं जायचं, आणि ती साक्षरता हवाई भाषेतली होती. 17 जानेवारी 1893 रोजी राणी लिलिउओकालानीचं राज्य उलथवलं गेलं. 1896 च्या कायद्यानं सरकारी आणि खासगी, सगळ्या शाळांचं माध्यम इंग्रजी केलं. दोन वर्षांनी अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हवाई माध्यमाच्या शाळा त्या कायद्याच्या आधीपासूनच ओसरत होत्या. इंग्रजी शाळेत घातलं तर पोराचं भलं होईल, असं पालकांनाही वाटत होतं आणि राज्याचा पैसाही तिकडे वळत होता. कायद्यानं शेवटचं दार लावलं. आपल्या गावोगावी मराठी शाळांचे वर्ग कसे रिकामे होत गेले हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. बंदी आली तेव्हा विरोध करणारे पालक आधीच थोडे उरले होते, असं हवाईचा इतिहास सांगतो.

तर 1980च्या दशकात हवाई शिकवणाऱ्या काही तरुण शिक्षकांना हा हिशेब स्पष्ट दिसला. त्यांच्यात लॅरी किमुरा होते. 1972 पासून ते ‘का लेओ हवाई’ हा आकाशवाणीवरचा कार्यक्रम चालवत होते, त्यात जन्मभाषिक वृद्धांशी तासन् तास गप्पा मारून त्या ध्वनिमुद्रित करत होते. पिला विल्सन आणि काउआनोए कामाना हे जोडपं होतं, त्यांनी घरात मुलांशी फक्त हवाई बोलायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास, 1982 मध्ये, न्यूझीलंडच्या माओरी समाजानं ‘कोहांगा रेओ’ नावाच्या बालशाळा काढल्या होत्या. त्यात अगदी तान्ह्या मुलांना दिवसभर आजी-आजोबांच्या सहवासात माओरी ऐकायला मिळत होतं. पॅसिफिकमधल्या या दोन भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी. एका बेटसमूहावर जमलेलं काम दुसऱ्यावर पोचायला वेळ लागला नाही.

1983 मध्ये या मंडळींनी ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था काढली आणि 1984 मध्ये काउआई बेटावरच्या केकाहा गावात पहिली बालशाळा सुरू झाली. गाव निवडण्यामागे विचार होता. केकाहा नीइहाऊच्या समोर आहे, आणि नीइहाऊची कुटुंबं तिथे येऊन राहिलेली होती. म्हणजे जन्मभाषिक माणसं हाकेच्या अंतरावर. पुढच्या वर्षी हिलो आणि होनोलुलूतही अशा शाळा आल्या. नियम सोपा आणि कडक: दारातून आत आलं की फक्त हवाई. मुलाला कळो न कळो, त्याच्याशी हवाईतच बोलायचं. पालकांनीही भाषेचा वर्ग करायचा आणि शाळेत श्रमदान करायचं.

यात शाळेत येणारे ज्येष्ठ बदलले नव्हते. बदललं होतं ते त्यांचं शाळेतलं स्थान. आधी वर्ग शिक्षिकेचा असायचा आणि आजी पाहुणी. आता वर्ग आजीच्या भाषेचा होता. ती भात वाढताना, नाक पुसताना, रुसलेल्या मुलाची समजूत काढताना जे बोलायची, तोच अभ्यासक्रम. भाषा गाण्यात आणि सणात जेवढी असते त्याच्या कितीतरी पट ती ‘चप्पल नीट ठेव’ आणि ‘ढकलू नकोस’ यांत असते. हा भाग कुठल्याही शाळाभेटीत येऊच शकत नाही, कारण पाहुणा कुणाला चप्पल नीट ठेवायला सांगत नाही.

अडचण सरकारी नियमांची आली. बालशाळा चालवायला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी बालशिक्षणाचं प्रमाणपत्र असलेले शिक्षक. ज्यांच्या तोंडी भाषा होती त्यांच्या हाती कागद नव्हता, ज्यांच्या हाती कागद होता त्यांना भाषा येत नव्हती. घटनेनं समाजातल्या जाणकारांची मदत आवश्यक म्हटलं होतं, नियमांनी त्याच जाणकारांना दाराबाहेर ठेवलं. पालक आणि संस्थेनं विधिमंडळात वर्षामागून वर्ष धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला. 1986 मध्ये हवाई बालशाळांना त्या अटीतून सूट मिळाली, आणि त्याच वर्षी सरकारी शाळांमध्ये हवाई माध्यमावरची जुनी बंदीही उठली. 1896 पासून नव्वद वर्षं.

1987 मध्ये शिक्षण खात्यानं हिलोमधल्या केआउकाहा आणि ओआहूवरच्या वाइआउ या शाळांत प्रायोगिक वर्ग उघडले. त्या शिक्षणक्रमाला काइआपुनी म्हणतात. इंग्रजी हा विषय पाचवीपासून. पुस्तकं मात्र नव्हती. मग पालक आणि शिक्षक संध्याकाळी जमायचे, इंग्रजी पुस्तकांतला मजकूर हवाईत आणायचे, टंकलेखन करून पट्ट्या कापायचे आणि छापील इंग्रजी ओळींवर डिंकानं चिकटवायचे. चित्रं तीच, खाली नवी ओळ. एकेक पान, एकेक पुस्तक, आणि दर वर्षी मुलं वरच्या इयत्तेत गेली की पुन्हा नवी पुस्तकं. मुलांच्या पुढे एक पाऊल राहण्यासाठी घरची माणसं रात्री जागत होती. शिक्षणावरच्या कितीतरी मोठ्या अहवालांपेक्षा मला ही चिकटवलेली पट्टी जास्त सांगून जाते, कारण हे लोक शाळेला भेट देत नव्हते, ते शाळा बांधत होते.

1999 मध्ये हवाई माध्यमातून बारावी झालेली पहिली मुलं बाहेर पडली. शंभर वर्षांत तसं झालं नव्हतं. 2009 ते 2013 या काळातल्या जनगणना खात्याच्या सर्वेक्षणावरून राज्यानं काढलेला आकडा असा, की 18,610 लोक घरी हवाई बोलतात. सगळे सारख्याच सफाईनं बोलत असतील असं नाही. तरी दोन हजारांच्या आकड्याशेजारी तो ठेवून पाहावा. आज वीसहून अधिक शाळांत काइआपुनीचे वर्ग आहेत. त्यांत सकाळ सामूहिक मंत्रोच्चारानं सुरू होते. बाहेरून पाहुणे आले तर ते फाटकाबाहेर थांबतात, आत येण्याची परवानगी मागणारा मंत्र म्हणतात, आतून मुलं उत्तराचा मंत्र म्हणतात, मगच पाऊल आत पडतं. इथे पाहुण्याला यजमानाच्या भाषेत विचारावं लागतं.

आता लानाईकडे वळू. या बेटाचा इतिहास एका पिकाचा आणि एका मालकाचा. 1922 मध्ये जेम्स डोल यांनी बेट घेतलं आणि अननसाची लागवड केली. एके काळी जगातली सर्वांत मोठी अननसाची बाग म्हणून लानाई ओळखलं जायचं. मजूर मुख्यतः फिलिपिन्स आणि जपानमधून आले, त्यांच्यासाठी लानाई सिटी हे गाव वसलं. 1992 मध्ये अननस संपला आणि आलिशान हॉटेलं आली. 2012 मध्ये ऑरॅकल कंपनीचे सहसंस्थापक लॅरी एलिसन यांनी बेटाची सुमारे 98 टक्के जमीन विकत घेतली. म्हणजे हवाई भाषा बोलणारी घरं इथे कधीच विरळ झालेली, काम एकाच मालकाभोवती फिरणारं, आणि राहायला घर मिळणं ही शिक्षकासाठी पहिली अडचण. दुसऱ्या सरकारी शाळेचा पर्याय नाही, ती समुद्रापलीकडे माउईवर.

अशा ठिकाणी काइआपुनीचा शिक्षक मिळत नाही, हे शिक्षण खात्याचं म्हणणं खोटं नव्हतं. राज्यभर असे शिक्षक कमीच आहेत. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी यायला लागतात, सफाईदार हवाई आणि गणित-विज्ञान शिकवण्याची पात्रता. तो मोठ्या बेटावर घराजवळ नोकरी मिळत असताना लानाईला का जाईल? पण न्यायालयासमोरचा प्रश्न वेगळा होता. घटनेतलं चौथं कलम सरकारकडून नक्की काय मागतं? संस्कृतीचा काही एक परिचय, की भाषा जिवंत राहील असं शिक्षण?

न्यायालय 1978 च्या घटना परिषदेच्या चर्चेकडे गेलं. प्रतिनिधींना काय साधायचं होतं? मरणाच्या दारात असलेली भाषा परत उभी करायची होती. मग त्या हेतूला पुरेल असं शिक्षण म्हणजे कुठलं? न्यायालयापुढे आलेल्या पुराव्यावरून उत्तर एकच निघत होतं. माध्यम म्हणून भाषा वापरल्याशिवाय मुलं ती बोलती होत नाहीत. म्हणून निकाल असा लागला की, हवाई माध्यमाचं शिक्षण मुलांच्या आवाक्यात यावं यासाठी राज्यानं सर्व वाजवी प्रयत्न करणं घटनेनं बंधनकारक आहे. शिक्षक मिळत नाही म्हणून थांबता येणार नाही. जादा वेतन देऊन शिक्षक आणता येईल, जवळच्या बेटावरच्या शाळेत मुलांना नेण्याची सोय करता येईल, भाषा येणाऱ्या स्थानिक माणसांना वर्गात सोबत घेता येईल, असे मार्गही निकालात सुचवलेले आहेत. प्रयत्न पुरेसे झाले का, हे तपासायला प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं.

मी हा निकाल वाचतो तेव्हा त्यात दोन गोष्टी मला भावतात. एक, न्यायालयानं शाळाभेटींना, गाण्यांना, हुलाला कमी लेखलं नाही. ते सगळं हवं आहे, पण त्यानं भाषेचं देणं फिटत नाही, एवढंच म्हटलं. दुसरी गोष्ट, समाजातल्या जाणकारांबद्दलचं कलमातलं ते वाक्य पुन्हा उपयोगी पडलं. 1980 मध्ये त्याचा अर्थ लागला होता आठवड्याची तासिका. 2019 मध्ये त्याच वाक्याच्या आधारे ज्येष्ठांना वर्गात कायमचं सोबत घ्यायची वाट दिसू लागली. वाक्य बदललं नाही, लोकांनी त्याच्याकडून जास्त मागितलं.

आपल्याला हे प्रकरण दोन बाजूंनी लागू होतं. परदेशातल्या मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा हे कूपुनांच्या तासिकेचंच रूप आहे. तिथे शिकवणारे लोक स्वतःचा सुटीचा दिवस देतात, मुलं बाराखडी आणि गणपतीची आरती शिकतात, आणि घरी मात्र इंग्रजीत उत्तर देतात. त्या शाळा बंद कराव्यात असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण त्यांच्याकडून भाषा टिकवायची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. तो भार घरानं उचलायचा असतो, जसा केकाहाच्या पालकांनी उचलला. दुसरी बाजू अवघड आहे. गडचिरोलीतल्या गोंडी, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलासमोर शाळेत उभी असते ती मराठी. तिथे इंग्रजीच्या जागी आपण आहोत. आदिवासी दिनाला नाच बसवणं, भिंतीवर चित्रं काढून घेणं, हे आपण आनंदानं करतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा मान्यतेचा प्रश्न मात्र लगेच उभा राहिला. भारताच्या राज्यघटनेतलं कलम 350 क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करायला राज्यांना सांगतं. ‘पुरेशा’ आणि ‘प्रयत्न’ हे शब्द तिथेही आहेत. त्यांच्याकडून किती मागायचं, हे हवाईतल्या त्या आईसारखं कुणीतरी विचारावं लागतं.

लानाईच्या बाबतीत पुढे काय करता येईल? माझं मत सांगतो. तीन हजार वस्तीच्या बेटावर प्रत्येक इयत्तेला वेगळा हवाई वर्ग होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. केआउकाहाची सुरुवात लहान मुलांच्या एकत्र वर्गानं झाली होती. लानाईवरही बालवर्ग ते दुसरीचा एकच वर्ग धरून सुरुवात करता येईल, एक पात्र शिक्षक आणि त्याच्या शेजारी दिवसभर बसणारी एक-दोन ज्येष्ठ माणसं. पगारवाढीच्या जाहिराती देत राहण्याआधी शिक्षकाच्या राहण्याची सोय शाळेच्या खर्चानं करावी, कारण इथे भाड्याचं घर ही पगारापेक्षा मोठी अडचण आहे. पुस्तकं आता डिंकानं चिकटवावी लागत नाहीत, हिलोच्या विद्यापीठात हवाई भाषेचं स्वतंत्र महाविद्यालय आहे आणि तिथून शिक्षकही तयार होतात. त्यातला एक जण लानाईत किमान एक तुकडी वाचायला-लिहायला शिकेपर्यंत टिकला पाहिजे. दर वर्षी नवा शिक्षक आला, तर बेटाला पुन्हा पाहुणाच मिळेल.